शेवंताच्या नवऱ्याची बोटं

सुमे, जवळ ये बघू. मावशी तुला सणासुदीलाच आठवते होय गं! आज सोसायटीखालच्या वरातीत बँडवाल्यांनी जुन्या सिनेमातल्या नाचगाण्याची एक चाल वाजवली आणि मला पिंपरीतला संप आठवला. शेजारच्या शेवंताच्या नवऱ्याची बोटं कंपनीत प्रेस मशीनखाली तुटली होती. त्यावर मी गाणं रचलं आणि लोकांच्या तोंडी पटकन बसावं म्हणून हीच चाल लावली. संपात कंपनीच्या गेटवर गायले, तर शिट्ट्याच शिट्ट्या, लोक नाचायलाच लागले!

"वन्स मोअर, अक्का!"

मी हुरळून पुन्हा गायले. तशी पुढं बसलेली शेवंता उठली.

"अक्का, माझ्या मालकाच्या बोटांवर नाचले गं सगळे."

अजून लाजेनं मान खाली जाते. तू मात्र आता सणाची वाट न बघता लवकर परत ये. त्या गाण्याचे शब्द तुला चालीशिवाय, नुसते वाचून दाखवायचेत.