उरलेले चार गुरुवार

माझा धाकटा भाऊ पोकलेन चालवतो. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावाभोवती त्यानं आधी विहिरी खणल्या, मग नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला रस्त्यांची कामं केली. पुढं एका ठेकेदाराच्या ओळखीनं त्याला काँगोच्या जंगलात रस्ता काढायचं काम मिळालं. मी लातूरला शाळेत भूगोल शिकवते. विषुववृत्तीय वनांचा धडा मी कितीतरी वर्षं मुलांकडून घोकून घेतला आहे. पण आपलं माणूस तिथं जाणार म्हटल्यावर नकाशातला तो गडद हिरवा पट्टा मला बघवेना.

जाण्याआधी तो हैदराबादला जाऊन पीतज्वराची लस टोचून आला. त्या लसीचं पिवळं कार्ड दाखवल्याशिवाय तिकडं उतरूच देत नाहीत. टायफॉईडची सुईही घेतली. दंड दुखतोय म्हणाला तर आई लगेच तवा तापवून कापडानं शेकायला बसली.

"पिवळा ताप म्हंजे कावीळच की," ती म्हणाली. "तिला सुई कशाला? किनवटकडं झाडपाल्याचं लई चांगलं मिळतंय."

"माय, ह्यो येगळा ताप हाय. आपल्याकडं न्हाई होत."

"मग जिथं होतंय तिथं जायलास कशाला?"

मलेरियासाठी त्याला गोळ्या दिल्या होत्या. आठवड्याला एक, जेवल्यावर, ठरलेल्या वारी, चुकवायची नाही. निघण्याआधीच सुरू करायची. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. परत आल्यावरही चार आठवडे गोळी बंद करायची नाही, कारण डास तिकडंच राहतो, पण त्यानं अंगात सोडलेला आजार लपून बरोबर येऊ शकतो. ही गोष्ट भावानं घरात कुणाला सांगितली नाही. तेव्हा ती सांगण्याजोगी वाटलीही नसेल.

आईला मात्र 'ठरलेला वार' आणि 'चुकवायची नाही' एवढं पक्कं समजलं. ही भाषा तिच्या ओळखीची होती. तिनं गोळीला दत्ताचा वार दिला आणि स्वतः गुरुवार धरला. वर नियमही घातला: लेकाची गोळी पोटात गेल्याचं कळल्याशिवाय उपास सोडायचा नाही.

मी तिच्यावर चिडले होते. ह्या वयात, गुडघे धरलेले असताना, हे कशाला? पण खरं सांगायचं तर त्या व्रतासारखा पहारा दुसरा नव्हता. तिकडं कामगारांच्या छावणीत रेंज नसायची. दर गुरुवारी दिवस मावळायच्या आत भाऊ मातीच्या उंच ढिगावर चढून फोन लावायचा. त्याच्याबरोबरची दोघंतिघं कंटाळून गोळ्या विसरली, तापानं पडली. हा विसरला नाही, कारण इकडं आई उपाशी बसलेली असायची. "घेतली माय, आता जेव," एवढंच तो बोलायचा. ती फोन ठेवायची आणि ताट वाढून घ्यायची.

काम संपवून तो सुखरूप घरी आला. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच आठवड्यात उद्यापन ठरवलं. लेकरू दारात आलं, नवस फिटला, व्रत पुरं झालं. तिच्या हिशेबात कुठंच चूक नव्हती. पाच सवाष्णी बोलावल्या, त्यातली एक मी. पुरण शिजत होतं तेव्हा तिनं भावाला हाक मारली.

"उरलेल्या गोळ्या आण. देवाम्होरं ठिवते. आता त्यांचं काम झालं."

तो क्षणभर घुटमळला, एवढं मला आठवतं. मग त्यानं पाकीट आणून दिलं. आईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. उद्यापन झालेलं व्रत आमच्याकडं कुणी पुन्हा ओढत नाही, आणि अन्न सोडून ज्या बाईनं त्याला जपलं तिला "अजून संपलं नाही" असं त्या दिवशी कोण म्हणणार? मीसुद्धा पोळीवर तूप घेतलं आणि निर्धास्त जेवले.

काही दिवसांनी त्याला ताप भरला. गावात तेव्हा घरोघरी ताप होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग थंडी वाजून तो असा काही थडथडू लागला की खाट हलायला लागली. डोळे पिवळे झाले, लातूरहून धावत आलेल्या मला ओळखेना. नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत शेजारच्या काकू "देव तारी त्याला कोण मारी" म्हणत बरोबर होत्या. मला त्या म्हणीचा इतका राग कधीच आला नव्हता.

मी डॉक्टरांना आधी काँगो सांगितलं, मग ताप. त्यांनी तेवढ्यावरच रक्त तपासायला धाडलं. मेंदूवर जाणारा मलेरिया होता. "रात्र गेली पाहिजे," एवढंच ते म्हणाले. मी भावाला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे. त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "परत आल्यावर गोळ्या चालू ठेवल्या होत्या का? चार आठवडे घ्यायच्या असतात."

आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. भावानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघायचं टाळलं. "इसरलो साहेब," तो म्हणाला.

डॉक्टर रागावले. बरोबरच होतं. एवढा शहाणा माणूस, परदेशी जाऊन आलेला, आणि विसरतो? तो ऐकून घेत होता. तेवढ्यात आई पुढं आली.

"त्यो न्हाई इसरला. म्या ठिवल्या देवापाशी," ती म्हणाली. "मला वाटलं, लेकरू घरी आलं म्हंजे झालं."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आता ह्ये औषध कवा थांबवायचं त्ये तुमीच सांगा. म्या न्हाई सांगणार."

वर्षभरानं भाऊ पुन्हा त्याच जंगलात गेला. आम्ही सगळे नको म्हणत होतो, आईनं मात्र अडवलं नाही. तिनं परत गुरुवार धरला. तो परत आला तेव्हा मी लातूरहून गेले होते. भाकरतुकडा ओवाळून झाला, शेजारच्या काकूंनी सवयीनं विचारलं, "मग उद्यापन कवा?"

"आत्ता कुटं?" आई म्हणाली. "अजून चार गुरुवार हायत."

ते चारही गुरुवार भाऊ जेवून तिच्यासमोर गोळी घ्यायचा, आणि मग ती जेवायला बसायची. उद्यापनाला मी सकाळीच पोचले. देवापुढं गोळ्यांचं पाकीट होतं. हळदकुंकू वाहायच्या आधी आईनं ते उचललं आणि गोळीच्या एकेका घरावरून अंगठा फिरवला, शेवटपर्यंत. सगळी रिकामी होती.