अण्णांचा टाचण्यांचा मोर

आमचे वडील, म्हणजे अण्णा, फौंड्रीत वाळूचे साचे करायचे आणि गणपतीच्या दिवसांत गल्लीतल्या तालमीच्या मांडवात साड्यांचे हत्ती-मोर. साड्या गल्लीतल्या बायकांच्या. पदराच्या आत जिच्या-तिच्या खुणेचा दोरा घालून अण्णा त्या मागून आणायचे, आणि विसर्जन झालं की धुऊन, इस्त्री करून परत द्यायचे. त्यामुळं शिवण नाही, डिंक नाही, कात्री तर नाहीच. नुसत्या चुण्या आणि टाचण्या. नव्वदच्या दशकात मी शाळेतून आले की टाचण्यांची डबी घेऊन शिडीखाली उभी राहायची. ओठांत टाचण्या धरून अण्णा जे बोलायचे ते फक्त मला कळायचं, आणि याचा मला भारी तोरा होता.

मोर आईच्या हिरव्या इरकलीचा असायचा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा तो सोडायचे. आठवडाभर राबून केलेलं दहा मिनिटांत जायचं. मला रडू यायचं आणि हे आपले निवांत घड्या घालत बसलेले. धड एक फोटोसुद्धा आम्ही काढून ठेवला नाही, इतके आम्ही हुशार.

पुढं आई गेली. अण्णांचा उजवा हात लकव्यानं गेला. दोन हजार सालानंतर मांडवात तयार देखावे यायला लागले. अशात चित्रकलेच्या कॉलेजातले एक सर घरी आले. लहानपणी त्यांनी आमचा मोर बघितला होता. त्यांना अण्णांच्या कामाचं प्रदर्शन लावायचं होतं.

"सोडलेल्या मांडवाचं कसलं प्रदर्शन, सर?" असं अण्णा म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी दाढी करून कॉलेजात हजर. ते खुर्चीतून सांगायचे आणि मुलं टाचण्या लावायची. हत्ती झाला, कमानी झाल्या. मोर मात्र मी मागून घेतला. घरी करून आणते म्हणाले.

प्रदर्शन महिनाभर होतं आणि सरांना मोर नंतरही कॉलेजात ठेवायचा होता. म्हणून मी पक्कं काम करायचं ठरवलं. तारेचा सांगाडा केला. पेटीतून आईची तीच इरकल काढली. पिसारा मनासारखा बसेना, तेव्हा पदर कातरला, शिवला, डिंकानं चिकटवला. खरं सांगते, अण्णांच्या मोरापेक्षा देखणा झाला होता.

उद्घाटनाच्या सकाळी अण्णा आले. मोरापुढं त्यांच्या नावाची पाटी लावलेली. ते डाव्या हातानं मोराची मान चाचपायला लागले.

"टाचणी कुठं हाय?"

"शिवलाय, अण्णा."

"मग सोडायचा कसा?"

"सोडायचा न्हाईच. कायमचा ऱ्हाणार आता."

त्यांची बोटं पिसाऱ्यापाशी गेली, कातरलेल्या काठावर थांबली. मला वाटलं, आता सगळं कॉलेज गोळा होईल असं ओरडणार.

"दरसाल दसऱ्याला नेसायची ती हे लुगडं," अण्णा हळू बोलले. "माझं नाव काढ हितनं. तुझं लाव."

आधी मला रागच आला. पंधरा दिवस बोटं सोलून घेतली होती मी, आणि ते त्यांच्या नावासाठीच. मग त्या काठाकडं माझं लक्ष गेलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाटी काढली. माझं नाव लावायचा धीर झाला नाही.

महिनाभर मोर बिनपाटीचाच होता. अण्णा रोज येऊन शेजारी खुर्चीवर बसायचे. कुणाचा मोर म्हणून कुणी विचारलं, की सांगायचे, "माझ्या बायकोचा."