एकाच पडद्यावर दोन कारखाने

आमच्या कंपनीचा दुसरा कारखाना पीथमपूरला होणार, हे मला देवासच्या कँटीनमध्ये कळलं. बाकीचे बढत्यांबद्दल बोलत होते. मी मनात बसचा हिशेब करत होतो. देवासहून धारला जायचं तर इंदूरला गाडी बदलावी लागे, आणि पुढची गाडी लगेच मिळाली तरी चार तास मोडत. पीथमपूर धार जिल्ह्यातच. तिथं नोकरी असती तर रोज संध्याकाळी घरी जाता आलं असतं. देवासला लागल्यापासून माझं शनिवारी दुपारी निघणं आणि रविवारी संध्याकाळी परतणं चालू होतं.

सत्तरच्या दशकात देवासला एकामागून एक कारखाने आले, तेव्हा मी पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीत स्टोअर क्लार्क म्हणून लागलो. बायको धारच्या सरकारी शाळेत शिकवायची. तिच्या बदलीचा अर्ज दोनदा केला, दोन्ही वेळा नामंजूर झाला. त्यामुळे ती, माझी आई आणि दोन मुली धारला, आणि मी देवासला स्टेशन रोडवरच्या एका खोलीत. संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी टाकायची आणि ती शिजेपर्यंत दारात उभं राहून टेकडीवरचे दिवे बघायचे. शेजारी चांगले होते. पण ऐन जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही, आणि मला माणसांची आठवण नेमकी तेव्हाच यायची.

शनिवारी धारला पोचलो की आई आत हाक मारायची, “पाव्हणे आले गं, पाणी आणा.” ती थट्टाच होती. धाकटी मात्र खरोखरच तांब्याभांडं घेऊन यायची आणि पाणी देऊन बाजूला उभी राहायची. माझ्याशी बोलताना ती हिंदीत सुरू करून मग मराठीत वळायची. बाहेरच्या माणसांशी ती असंच बोलत असे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली केली, एसी लावला, आणि बाहेर चपलांचं फडताळ ठेवलं. देवघरात शिरावं तसे आम्ही अनवाणी आत जात होतो. इंदूरहून आलेल्या इंजिनियरनं दोन दिवस शिकवलं. त्या यंत्रात एक गोष्ट अशी होती की ती पाहताच मला ओळखीची वाटली. पडद्यावर एका वेळी दोन-तीन तक्ते उघडता येत, आणि एकावर दुसरा कधी चढत नसे. दुसरा उघडला की पहिला आक्रसून अर्धा होई. तिसरा उघडला की तुम्ही ज्या चौकटीत उभे असाल, म्हणजे कर्सर जिच्यात असेल, तिचेच दोन भाग होत. एखादी बंद केली की शेजारची लगेच पसरून ती जागा व्यापून टाकी.

माझे वडील धारला संस्थानच्या कचेरीत होते, पुढे सरकारी महसुलात गेले. घरी काम आणलं की ते सतरंजीवर कागद कडेला कड लावून मांडत. एकावर दुसरा ठेवलेला त्यांना खपत नसे. म्हणत, खालचा कागद आपण वाचलेलाच नसतो, फक्त वाचल्यासारखं वाटतं. मी स्टोअरमध्ये त्याच सवयीनं आवक, जावक आणि शिल्लक अशी तिन्ही रजिस्टरं टेबलावर शेजारी शेजारी उघडी ठेवत असे. बाकीचे हसत. यंत्राला मात्र तीच रीत ठाऊक होती.

पीथमपूरचा कारखाना सुरू झाला आणि तिथं मालाच्या प्लॅनिंगचा माणूस पाठवणार असं कळलं, तेव्हा मी मोठ्या साहेबांना भेटलो. साहेब दिल्लीकडचे, बोलणं थोडकं.

“आपको क्यों जाना है?”

“साहब, घर धार में है.”

“देखेंगे. पहले एक काम कीजिए. दोनों यूनिट का स्टॉक मुझे एक साथ देखना है. अभी जो होता है, इधर देखो तो उधर का भूल जाओ, वो नहीं चाहिए.”

मी याचा अर्थ असा घेतला की हे ज्याला जमेल तो पीथमपूरला जाईल.

पहिले काही दिवस सगळा गोंधळ झाला. चौथी चौकट उघडली की ती इतकी अरुंद होई की मालाचं अर्धं नाव दिसे आणि आकडा दिसतच नसे. मग लक्षात आलं की किती चौकटी उघडता यापेक्षा कोणत्या क्रमानं उघडता आणि उघडताना कुठं उभे असता, त्यावर सगळं ठरतं. आधी देवासची शिल्लक उघडायची. तिथंच उभं राहून उजवीकडे पीथमपूरची उघडायची, म्हणजे दोघींना सारखी रुंदी मिळते. मग देवासच्या चौकटीत परत येऊन तिच्या खाली मागण्या, आणि पीथमपूरच्या खाली रवानगी. खालच्या दोन्हींची उंची रेघ सरकवून थोडी कमी करायची, कारण शिल्लक जास्त ओळींची असते. यंत्र बंद केलं की ही मांडणी पुसली जाई. रोज सकाळी तीच पुन्हा करावी लागे. पुढं मी हा क्रम यंत्रातच लिहून ठेवायला शिकलो, म्हणजे सुरू करताच चारही चौकटी आपापल्या जागी येऊन बसत.

त्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन्हीकडच्या ओळी जुळवण्यात. डावीकडे शाफ्ट ज्या ओळीत, उजवीकडेही त्याच ओळीत हवा. तरच एका नजरेत कळेल की इथं जास्त पडलाय आणि तिथं तुटवडा आहे. भोंगा झाला की सगळे निघून जात आणि मी काचेच्या खोलीत थांबत असे. खोलीवर जाऊन करायचं काय, हाही प्रश्न होताच.

स्टोअरमधला माझा जोडीदार माळव्यातलाच, मालवी बोलणारा. एक दिवस तो काचेतून डोकावला.

“भिया, यो कंई कर्यो? अच्छे-भले टीवी के चार टुकड़े!”

“चारों एक साथ दिखते हैं.”

“तो? तेरे को दो आँखें दी हैं भगवान ने, चार नी.” मग आत येऊन तो बराच वेळ बघत राहिला. “भिया, बुरा मत मानना. इतना बढ़िया मत जमा.”

मला तेव्हा ते समजलं नाही. मला वाटलं, हा जळतोय.

साहेब बघायला आले ते मोजे घालून. खुर्चीवर बसले नाहीत.

“शाफ्ट?”

मी बोट ठेवलं. डावीकडे चाळीस पडून होते, उजवीकडे चार.

“तो आज जीप में बीस भेज दो.” ते पडद्याकडे बघत राहिले. “बेयरिंग?” मी तेही दाखवलं. पीथमपूरचे आकडे रोज सकाळी जीपनं फ्लॉपीवर येत होते, त्यामुळे चित्र ताजं होतं. साहेबांनी आणखी पाच-सहा गोष्टी विचारल्या, आणि एकदाही मला पडदा बदलावा लागला नाही.

“बहुत अच्छा,” ते म्हणाले. “तो फिर वहाँ आदमी भेजने की ज़रूरत ही क्या है? आप यहीं से दोनों देख लीजिए. एक महीना ऐसे चलाते हैं.”

मी ‘जी’ म्हणालो.

जोडीदारानं दुपारी डबा उघडता उघडता उपाय सांगितला. “एक महीना है न? वो पीथमपुर वाली चौकट थोड़ी छोटी कर दे. दो बार माल गलत जाएगा, साहब खुद तेरे को जीप में बिठाके वहाँ छोड़ आएगा.”

त्या संध्याकाळी मी ते करून पाहिलं. मधली रेघ उजवीकडे सरकवली. पीथमपूरच्या आकड्यांचा शेवटचा अंक कडेखाली गेला. तिथं चाळीस असलेल्या मालाचे चार दिसू लागले. तसंच ठेवून निघायचं, एवढंच करायचं होतं. मी चपला घालून फाटकापर्यंत गेलोही. मग परत आलो, रेघ होती तिथं आणली आणि यंत्र बंद केलं. यात प्रामाणिकपणाचा भाग किती आणि चाळीसच्या जागी चार बघवत नव्हते हा किती, ते मला अजूनही सांगता येत नाही.

महिना व्यवस्थित पार पडला. पीथमपूरची जागा रद्द झाली.

शनिवारी घरी सांगितलं. बायको वह्या तपासत होती.

“म्हणजे काम चांगलं केलंत म्हणून गेली?”

“तसंच म्हणायचं.”

“बिघडवलं असतंत तर मिळाली असती?”

“बहुतेक.”

तिनं एक वही संपवली, दुसरी घेतली. “मी पीथमपूरच्या बसच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या,” ती म्हणाली. “संध्याकाळी सातला पोचला असतात.” मग वर न बघता, “साहेबांना निदान सोमवारचं तरी विचारा. दुपारी येतो म्हणावं. एक रात्र वाढेल.”

मी विचारलं. साहेबांनी महिन्यातून एका सोमवारची सवलत दिली. मांडणी आपोआप उघडत होती, सकाळपुरतं जोडीदार बघणार होता.

तो पहिला सोमवार. मी इतक्या वर्षांत माझं घर सोमवारी सकाळी कधी पाहिलंच नव्हतं. मोरीपाशी उभा राहिलो तर थोरलीला दात घासायचे होते. स्वयंपाकघराच्या दारात थांबलो तर बायको म्हणाली, “अहो, जरा सरका, डबे भरायचेत.” ओसरीवर गेलो तर आईची फुलांची परडी तिथंच ठेवायची असे. कुणी रागावलं नाही. सगळ्यांना एकमेकींच्या पायाखालची वाट पाठ होती, फक्त माझ्यापाशी आल्यावर त्यांची पावलं अडत होती.

धाकटी दप्तर पाठीवर घेत दारात आली आणि मला बघून थबकली.

“बाबा, आप गए नहीं?” मग तिचं तिलाच वाटलं असावं. “म्हणजे, तुम्ही जाणार ना आज?”

“जाणार,” मी म्हटलं. “दहाच्या गाडीनं.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि मैत्रिणींची हाक आली तशी पळाली. दहाला अजून दोन तास होते. मी पिशवी घेतली आणि बसस्टँडवर जाऊन बसलो.