चाळीसच्या काकू

लायसन्स मिळून दोन महिने व्हायच्या आत मी ते घालवलं. घालवलं म्हणजे हरवलं नाही. भरधाव गाडी चालवली म्हणून ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं, तीन महिन्यांसाठी. आणि माझ्याविरुद्ध साक्ष दिली ती माझ्याच गाडीत मागे बसून, माझ्याच बायकोने केलेली तिळाची वडी खात असलेल्या चाळीसच्या काकूंनी.

चाळीस हे वय नव्हे. वयाने काकू साठीच्या पुढे होत्या. चाळीस हा त्यांच्या गाडीचा वेग. दिल्लीच्या कडेची आमची द्वारका तेव्हा नुकती वसत होती. सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, पण माणसं यायची होती, आणि रस्ते असे रुंद आणि मोकळे की त्यांवर विमान उतरलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती. अशा रस्त्यांवरून काकूंची सायीच्या रंगाची जुनी अम्बॅसडर चाळीसने जायची. एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही. आमच्या सोसायटीचा चौकीदार मला म्हणायचा, "आंटीजी को निकले आधा घंटा हो गया साब, गेट तक पहुँच गई होंगी."

या विनोदाला सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. काकूंना ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवून हात हलवणं हा माझा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम होता. काकू आतून तितक्याच मनापासून हात हलवायच्या. दिल्लीच्या एका शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. मागून ट्रक भोंगा वाजवत आला की काकू काच खाली करून हाताने वाट दाखवायच्या, "जाइए भाईसाहब, आपको जल्दी है." मग शेजारी बसलेल्याला मराठीत सांगायच्या, "जाऊ दे. सिग्नलला भेटेलच." तो भेटायचाच. मग काकू त्याला नमस्ते करायच्या.

माझं म्हणाल तर मी साताऱ्याचा, तिशीपर्यंत सायकलपलीकडे काही न चालवलेला. तेव्हा बाहेरच्या कंपन्या गुडगावात येऊ लागल्या होत्या. अशाच एका बाथरूमच्या टाइल्स विकणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली. अट एकच: स्वतःच्या गाडीने डीलरांकडे फिरायचं, आणि सहा महिने प्रोबेशन. मी हप्त्यावर छोटी लाल गाडी घेतली, लायसन्स काढलं, आणि त्या गाडीच्या काट्याच्या प्रेमात पडलो. साठ, सत्तर, ऐंशी! साताऱ्याच्या पोराच्या पायाखाली एवढी ताकद! मी रस्त्याकडे बघायचो ते काट्याकडे बघून झाल्यावर. त्यापायी दोनदा चलान झालं. दुसऱ्या वेळी बजावून सांगितलं होतं की आता तिसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जाईल. हे फक्त मला आणि निलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होतं.

संक्रांतीला दिल्लीची मराठी मंडळी पानिपतला काला अंबला जातात, तिथे लढून पडलेल्यांना वंदन करायला. त्या वर्षी काकूंच्या गाडीची बॅटरी बसली, म्हणून त्या आमच्याबरोबर आल्या; निलिमा पुढे माझ्या शेजारी, काकू मागे. निघायलाच उशीर झाला होता. अलीपूर मागे पडलं आणि मी पाय दाबला.

"कसली एवढी घाई?" मागून काकू.

"कार्यक्रम सुरू होईल हो काकू. मराठ्यांनी तिथे उशिरा पोचून कसं चालेल?"

"अडीचशे वर्षं होत आली, वाट बघताहेत बिचारे. आणखी अर्धा तास बघतील."

मी काट्याकडे बघून हसलो. तेवढ्यात झाडाआडून पोलीस पुढे आला.

"कितनी स्पीड थी?"

"पचपन-साठ," मी म्हणालो. मग मागच्या सीटकडे हात केला. "माताजी साथ में हैं सर. पानिपत जा रहे हैं, शहीदों को माथा टेकने. मैं तेज़ चलाऊँगा?"

पोलिसाने वाकून काकूंचे पांढरे केस पाहिले. त्याचा चेहरा मऊ झाला. एवढ्या थंडीत वेग मोजायच्या यंत्राशी झटापट करायला त्यालाही फारसा उत्साह दिसत नव्हता. "ठीक है, माताजी को आराम से ले जाओ," असं म्हणत तो लायसन्स परत देणार, इतक्यात काकूंनी तोंडातली वडी संपवली.

"अस्सी से ऊपर थी, भैया. मैंने खुद देखा है."

पोलिसाने लायसन्स पुन्हा उघडलं. "अभी तो इसकी स्याही भी नहीं सूखी," तो म्हणाला आणि ते खिशात घातलं. पुढे पानिपतपर्यंत गाडी काकूंनी चालवली. चाळीसने. आम्ही पोचलो तेव्हा मंडळी सतरंज्या गुंडाळत होती. मी तोंड उघडलं तशी काकू म्हणाल्या, "पानिपत झालं वगैरे काही बोललास तर इथेच सोडून जाईन."

माझ्या साहेबांना हे सगळं सांगावंच लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सोमवार से राउंड चाहिए. कैसे करोगे, तुम जानो. नहीं तो मुझे कोई और देखना पड़ेगा." गुडगावचे डीलर विखुरलेले, बसने दिवसाला एक झाला असता तर नशीब. ड्रायव्हर ठेवावा तर पगार हप्त्यातच जायचा. नोकरी गेली तर गाडी जाणार, द्वारकेचं घर जाणार, आणि आम्ही साताऱ्याला परत, हे उघड होतं. रविवारी रात्री मी निलिमापुढे काकूंचा यथेच्छ उद्धार केला. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाय कुणाचा होता?"

सोमवारी उजाडताच खाली हॉर्न वाजला. अम्बॅसडर उभी. आत काकू, शाल गुंडाळून, शेजारी चहाचा थर्मास.

"साक्ष मी दिली," त्या म्हणाल्या, "तेव्हा गाडीही मीच चालवते. बस."

मी पुढे बसलो. गुडगावच्या वाटेवरचं कापसहेडा यायच्या आतच त्यांनी गाडी बाजूला घेतली. "मघापासून पायाने माझी फरशी दाबतोयस. मागे जाऊन बस."

यातून एक विलक्षण गोष्ट घडली. जुनी अम्बॅसडर, मागे बसलेला माणूस, म्हणजे सरकारी साहेब, हे दिल्लीच्या रक्तातच आहे. जे डीलर लाल गाडीतून उतरलेल्या मला दारात उभं करायचे, ते आता दुकानातून उठून बाहेर यायला लागले. मी फाइल सावरत उतरायचो; माझ्यापाठोपाठ काकू उतरायच्या आणि सरळ आत जाऊन खुर्चीवर बसायच्या.

सोहना रोडवर एक मोठे डीलर होते, सगळे त्यांना मामाजी म्हणत. त्यांच्यासमोर मी आमची सगळ्यात चकचकीत टाइल ठेवून बोलत होतो. काकूंनी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, चप्पल काढून पाय घासून पाहिला आणि म्हणाल्या, "मामाजी, इस पे तो आपकी अम्मा गिरेंगी."

माझी नोकरी मला दारातून बाहेर जाताना स्पष्ट दिसली. मामाजी ओल्या टाइलकडे वाकले. मग हसत सुटले. "गिर चुकी हैं आंटीजी, पिछले महीने. खुरदुरी वाली है कोई?" होती. खरबरीत, कुणी घेत नाही म्हणून गोदामात पडून होती. मामाजींनी ती घेतली, पुढे इतरांनीही घेतली, आणि साहेबांनी मला कायम करताना 'मार्केटची समज' अशी माझी तारीफ केली. मी ती निमूट ऐकून घेतली.

त्या तीन महिन्यांत मी एकदा काकूंना विचारलंच. "तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तू वेग खोटा सांगितलास, ते तुझं तू बघ. पण माझे पांढरे केस पुढे करून सुटत होतास. ते उन्हात नाही केले मी पांढरे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि दुसरं म्हणजे, निलिमाचा हात दाराच्या मुठीवर पांढरा पडला होता. तुला कुठून दिसणार?"

आमच्या रोजच्या वाटेवर बिजवासनजवळ मोहरी फुलली होती. तिथे त्या हमखास म्हणायच्या, "बघून घे. पुढच्या वर्षी इथे प्लॉट पडतील." पडलेही. चाळीसने गेलो म्हणून ते पिवळं शेत मी पाहिलं. नाहीतर माझ्या आठवणीत तिथे एक काटा असता.

लायसन्स परत आलं. मी चाळीसवाला झालो. चौकीदाराला नवा विनोद मिळाला. काही वर्षांनी काकूंच्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच अम्बॅसडर विकली आणि पुण्याला भाचीकडे जायचं ठरवलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. दोन वर्षांनी भाचीचा फोनच आला. आजही गाडी सुरू करताना माझं लक्ष आधी शेजारच्या सीटवरच्या हाताकडे जातं, कुणाचाही असो. हे देणं काकूंचं.

त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. केवढा अभिमान! गाडी चाळीसवर धरलेली, काटा तसूभर हलू देत नव्हतो. मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या, मी काच खाली करून "जाइए भाईसाहब" म्हणत होतो. काकू काहीतरी बोलतील, शाबासकी देतील, म्हणून मी वाट बघत होतो. विमानतळाचा फाटा आला आणि उजवीकडे सरकूनही गेला.

"तेव्हाही काट्याकडे बघत होतास, आताही काट्याकडेच बघतोयस," काकू म्हणाल्या. "रस्ता समोर असतो, गाढवा."