दुखणं माहेरच्या नावावर

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या प्रमिलाबाईंचा डावा स्तन १९८६ साली मुंबईच्या डॉक्टरांनी काढून टाकला. टाके सुकले, गेलेले केस परत आले, पण गल्लीतल्या बायका त्यांच्याशी बोलताना अजून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. आजाराचं नाव कुणी घेत नसे, 'ते दुखणं' एवढंच म्हणत. शेजारणीने एकदा अगत्याने चहा पाजला आणि तो कप नंतर तिच्या परसात राखेशेजारी वेगळा पडलेला प्रमिलाबाईंना दिसला. राग आला. पण रागापेक्षा एक गोष्ट त्यांना जास्त छळत होती. त्यांची गाठ सुरुवातीला दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणूनच त्या कित्येक महिने गप्प राहिल्या होत्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर?

मग त्यांनीच सांगायचं ठरवलं. पण सांगणार कुठे? सासरी बाई एकटी कधी सापडत नाही. खानदेशात गावच्या साऱ्या लेकी एका जागी जमतात त्या आखाजीला. अक्षय्य तृतीयेचा हा सण लेकींचा. निंबाला झोके बांधले जातात, गाणी सुरू होतात आणि पुरुष पारावर पत्ते कुटत बसतात. बायका कुठे आहेत, काय बोलताहेत, याची त्या दिवशी कुणाला फिकीर नसते.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच आखाजीला प्रमिलाबाई तापीकाठच्या माहेरी गेल्या. दुपारी झोक्यावरच्या बायकांना त्यांनी भावाच्या कपाशीच्या खोलीत बोलावलं आणि दाराची कडी लावली.

"काय दाखाडस व पमे? मुंबईनं लुगडं?" तानुबाईने विचारलं. ही त्यांची लहानपणीची मैत्रीण. शेण वेचायला, नदीवर धुणं न्यायला दोघी बरोबर. पुढे तानुबाई सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात लोटनला दिली, आणि भेट आखाजीपुरती उरली.

"ताई, सणना दिन असं वंगाळ बोलू नका," वहिनी कमलबाई कुजबुजली. "घरमा पोरी शेतस. सोयरा ऐकतीन."

प्रमिलाबाईंनी ऐकलं नाही. पदर खाली घेतला, चोळीच्या गाठी सोडल्या. सपाट छाती आणि काखेपर्यंत ओढत गेलेला व्रण बायकांनी पाहिला. एकीने चटकन डोळ्यांवर हात धरला.

"पहिले दुखस नही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "म्हणीसन बाई गप ऱ्हास. तसं करू नका. गाठ हातले लागनी का डागदरकडे जावानं. बिब्बा लावानं नही, शेक देवानं नही."

"डागदर बाप्या व्हता का व?"

"बाप्याच व्हता. मी डोया मिटी लिधात."

"आन त्यानी?" तानुबाई म्हणाली, आणि एवढा वेळ श्वास रोखून बसलेल्या बायका खो खो हसत सुटल्या. प्रमिलाबाईसुद्धा हसल्या. हसताना व्रण ओढला गेला.

संध्याकाळी भांडी घासायला दोघी परसात बसल्या. तानुबाईने हात धुतले, इकडेतिकडे पाहिलं आणि प्रमिलाबाईंचा हात धरून आपल्या काखेखाली नेला.

"हाई देख. मनी बी दुखत नही."

सुपारीएवढी गाठ होती. दगडासारखी, बोटाखाली न हलणारी.

"सकायले मनासंगे धुयाना दवाखानामा चाल."

"आठून? यडी शे का तू? माहेरथून दवाखानामा गयी तर सासरना काय म्हनतीन? रोगी पोर आमना गळामा बांधी. दुखनं मायना नाववर लागी. भाऊनी पोर उजवानी शे अजून."

ही त्या भागातली जुनी रीत होती. बाळंतपण माहेरचं, आजारपण सासरचं. दुखणं ज्या घरात उघडं पडेल, त्या घराच्या नावावर लागतं. प्रमिलाबाईंनी तिची समजूत घालून पाहिली, चिडून पाहिलं, शेवटी तिच्या आईकडे गेल्या. भागाबाई तुळशीपाशी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिनं घर शे, तिना धनी शे. तठून जाई."

तानुबाई जाताना बसच्या खिडकीतून म्हणाली, "पंधरा दिनमा येस मी. धनीले सांगस ना!"

पंधरा दिवस गेले. पेरण्या झाल्या, निंदणी आली, पांझरा नदी लाल पाण्याने भरून वाहिली. देवपुरातल्या दाराशी कुणी थांबलं की प्रमिलाबाई उठून बघत. श्रावण लागला तशा त्या स्वतःच एसटीत बसल्या आणि फाट्यापासून चिखल तुडवत तानुबाईच्या दारात पोचल्या.

तानुबाई खाटेवर होती. सासूने गाठीवर बिब्बा लावला होता. कातडं भाजून फुटलं होतं आणि घरात शिरतानाच वास येत होता.

"माले तर म्हने, खांदा दुखस," लोटन उंबऱ्यात उकिडवा बसून म्हणाला. "मी काय समजू?"

"पेरनी व्हती," तानुबाई म्हणाली. "मंग निंदनी. हाऊ मानूस एकटा काय काय करी?" आणि प्रमिलाबाईंकडे बघून ओशाळं हसली, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी लोटनने तिला धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी फोटो काढला, तिला बाहेर बसवलं आणि लोटनला व प्रमिलाबाईंना सांगितलं की फुप्फुसापर्यंत गेलं आहे. लोटनला ते उमगलं नाही. तो प्रमिलाबाईंकडे बोट दाखवून म्हणाला, "काढी टाका ना मंग. यासनं काढं तसं." डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

दिवाळीच्या आधी प्रमिलाबाई शेवटचं भेटायला गेल्या. तानुबाईचा श्वास पुरत नव्हता. दोन शब्द बोलायची आणि थांबायची.

"पमे, आते सांगशी तवय मनं नाव ले. गावनं बी ले. सासरनं बी, माहेरनं बी. माहेरथून गयी नही म्हणीसन मरनी, असं सांग."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. त्या क्षणी ते सोपं वाटलं.

पुढच्या आखाजीला कपाशीच्या खोलीत बायका कमी आल्या. पण भागाबाई आल्या, दाराशी बसल्या. लेकीशिवायची त्यांची ही पहिली आखाजी. कपाळावर दुपारच्या उन्हाचा घाम होता, तो त्या पुसत नव्हत्या. त्यांच्याकडे न बघता प्रमिलाबाईंनी पदर खाली घेतला. आपलं सांगून झालं. थांबावं, नाव न घेता उठावं, असं फार वाटलं. भागाबाईंच्या नातीचं लग्न अजून व्हायचं होतं.

"आपली तानी," त्या म्हणाल्या. "भागाबाईनी पोर. याच घरमा मी तिना काखमा हात लाया व्हता. माहेरथून दवाखानामा जावानं नही, म्हणीसन ती थांबनी. म्हणीसन मरनी."

भागाबाई भिंतीला धरून उठल्या.

"मरी गयी तरी तिले सोडत नही का व तू?" त्या म्हणाल्या. "जिती व्हती तवय वाचाडी नही. आते मना घरना नाववर लावस?"

त्या निघून गेल्या. कमलबाई त्यांच्या मागे धावली. प्रमिलाबाईंनी हाताने स्वतःच्या छातीवर दाखवत, गाठ कशी चाचपायची ते उरलेलं सांगून संपवलं.

दुसऱ्या सकाळी धुळ्याच्या गाडीत त्यांच्याशेजारी, आदल्या दिवशी खोलीत बसलेली गावातल्या रुपचंदची धाकटी लेक पुष्पा येऊन बसली. सासरी न जाता, थेट माहेरातून. तिची आई फाट्यापर्यंत पोचवायला आली होती आणि चारचौघांदेखत मोठ्याने म्हणाली, "दवाखानामा जाई ऱ्हायनी मनी पोर. त्यामा काय व्हयनं?"

पुष्पाची गाठ लहान होती. ऑपरेशन झालं, ती जगली, पुढे तिची मुलं शाळेत गेली. प्रमिलाबाई त्यानंतरही प्रत्येक आखाजीला माहेरी जात आणि तानुबाईचं नाव घेत. भागाबाई मात्र त्यांच्याशी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. पुष्पा कुणाच्या नावाने वाचली, हे त्या म्हातारीच्या दारात जाऊन सांगावं असं प्रमिलाबाईंना दरवर्षी वाटे. दरवर्षी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात आणि मागे फिरत.