मोठेबाबा आणि भस्म्या

मोठेबाबांना शिव्या येत नसत. राग आला की ते एकच शब्द काढत: भस्म्या. शेजाऱ्याच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, नांगर घालणारा भस्म्या, दोन दिवसांत चार्जिंग तीनदा मागणारा मोबाइलही भस्म्या. पण शब्द ते उगीच उधळत नसत. त्यात पायऱ्या होत्या. "पंगतीत दहा जिलब्या खाल्ल्या, तो खादाड. अकरावी खिशात टाकली, तो हावरा. अन् बाजूच्याच्या ताटातली पाहून ज्याले आपली गोड लागत नाही, तो भस्म्या."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. हिवरखेडला आमचा भाजीचा मळा त्यांच्याच शब्दावर चालायचा. शाळेत असताना मी त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला होता. निंदणी करता करता ते म्हणाले, "रोग हाये तो, पोरी. पोटात अशी आग पेटते का टाकलं ते भसम. भाकर टाक, राख. वावर टाक, राख. मानूस खातच रायते अन् उपाशीच रायते."

पुढे अमरावतीला कॉलेजात गेले. आमच्या घरातली मी पहिलीच. तिथल्या ग्रंथालयात जाडजूड कोश उघडला आणि खरंच, जुन्या वैद्यांच्या 'भस्मक' नावाच्या रोगावरून हा शब्द आल्याचं सापडलं. मी धावत बाहेर येऊन त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे पुस्तकवाल्याइले माह्यं पटलं म्हना."

आमच्याकडे भरताच्या वांग्याचं घरचं बी होतं. दर हंगामात उत्तम फळं हेरून मोठेबाबा त्यांच्या देठाला लाल चिंधी बांधत. चिंधीचं वांगं कोणी तोडायचं नाही. ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग बी धुऊन, वाळवून, राखेत कालवून मडक्यात ठेवायचं. हे बी त्यांनी कधी विकलं नाही. मागेल त्याला चिमूटभर द्यायचे.

मी बी.ए. झाले त्या वर्षी वांग्याचा भाव भलताच चढला. मी घरीच होते. हंगामातली शेवटची तोडणी होती. अकोल्याला जाणारी गाडी रस्त्यावर हॉर्न देत उभी आणि माझं शेवटचं कॅरेट वरून उणं. मी सात चिंध्या सोडल्या आणि ती सात वांगी वर रचली. मागच्या वर्षीचं बी मडक्यात असेलच, असं मी धरून चालले होते.

मडकं रिकामं होतं. देता देता संपलं होतं.

संध्याकाळी मोठेबाबा सातही चिंध्या हातात घेऊन बांधावर उभे राहिले.

"कोनं सोडल्या?"

"मी."

ते खाली बसले. एकेक चिंधी गुडघ्यावर सरळ करत राहिले. मग म्हणाले, "जिंदगीभर गावात हुडकून राह्यलो, अन् हा तं घरातच निघाला."

मला रडू आलं. ते म्हणाले, "रडून बी उगवत नाही. सकायी निघू. देलं तसं मांगून आनू."

तीन घरं फिरलो. तिघांनीही कधीच पाकिटाचं बी धरलं होतं. तिसऱ्या घरून निघताना मोठेबाबांची चाल मंद झाली. उरली फक्त बाळापूरची एक म्हातारी. तिनं कधीकाळी बाजारात त्यांच्याकडून बी नेलं होतं. आम्हाला पाहून ती हसतच सुटली.

"अवो बाप्पा! देनाराच दारात मांगाले आला!"

आतून तिनं बियाची बाटलीच आणून पुढे केली. "सबन न्या, भाऊ."

मी ओढणीचा पदर पसरलाही होता. मोठेबाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पदर आवरला आणि तळहात पुढे केला.

"चिमूटभर पुरे, बाई," ते म्हणाले.

त्या चिमटीतून मळा पुन्हा उभा राहिला. चिंध्या आता ते मलाच बांधायला लावत. फळ हलकं निवडलं की हात धरून दुसऱ्यावर नेत. बी मागायला लोक पुन्हा येऊ लागले. कोणाचं बी, असं विचारलं की ते सांगत, "बाळापूरच्या बाईचं."

"मोठेबाबा, तिले तुमीच तं देलं होतं!" मी एकदा न राहवून म्हणाले.

"मंग? आता तिनं आपल्याले देलं. नावाचाबी भस्म्या असते, पोरी."

दोन वर्षांपूर्वी मोठेबाबा गेले. मी आता अमरावतीला शाळेत शिकवते. सुट्टीत हिवरखेडला गेले की बी मागणाऱ्यांना मीच पुडी बांधून देते. कोणाचं बी, असं ते विचारतात. मी बाळापूरच्या बाईंचं नाव घेते, पण त्याआधी मोठेबाबांचं घेते. चांगलं मोठ्यानं घेते. ते असते तर माझ्यावर तोच शब्द फेकून मारला असता.

मारू देत.