आडवे पडलेले बगळे

आमच्याकडे नवरीने मांडवात नेसायची पिवळी साडी मामाने आणायची असते. आणायची म्हणजे काय, तर नंदुरबारला जायचं, दुकानातल्या गादीवर मांडी ठोकायची, चहा प्यायचा, बायको बोट ठेवेल त्या साडीला मान डोलवायची आणि पिशवी उचलून घरी यायचं. पिढ्यान् पिढ्या मामालोक हे काम बिनचूक करत आलेत. त्यात चुकायला जागाच नाही. मी ती शोधून काढली.

सुरुवात टॅबपासून झाली. माझ्या मुलीने पुण्यात नवा टॅब घेतला आणि जुना मला पाठवून दिला. म्हणाली, "बाबा, केळीवरचे रोग ओळखायला होईल." रोग मी थोडे दिवस ओळखले. मग त्यात चित्रं काढायचं एक ॲप सापडलं आणि रोग मागे पडले. शाळेत माझी चित्रकला चांगली होती, म्हणजे गणिताच्या मानाने चांगली होती. बागेत ठिबकचा कॉक उघडायचा, बांधावर निंबाखाली बसायचं आणि त्या पांढऱ्या पेनने काचेवर रेघोट्या ओढायच्या, असा माझा दिवस जायला लागला. आमच्या कोरीट गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. लोक मला लांबूनच विचारायचे, "काय भाऊ, आज काय पेरी ऱ्हायना?"

एकदा ॲपमध्ये चाळा करता करता मला नक्षी उठवायची युक्ती कळली. एक चौकोन काढायचा. तोच चौकोन शेजारी ठेवायचा, खाली ठेवायचा, ठेवत जायचं. कापडभर नक्षी तयार. अट एकच, दोन चौकोनांचा जोड डोळ्याला दिसता कामा नये. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्याच दिवशी चौकोनाच्या मधोमध एक देखणं केळफूल काढलं, चहूबाजूंना नीट जागा सोडली आणि पसरवून बायकोला दाखवलं.

ती म्हणाली, "हाई ते न्हानीनी फरशी शे."

होतीच. पुढे कळलं, की चौकोन चार तुकड्यांत कापून तुकड्यांची कोपऱ्याकोपऱ्याने अदलाबदल करायची. मग कडेचं सगळं मधे येतं आणि मधलं कडेला जातं. आता कडा आपोआप जुळलेल्या असतात, आणि मधे उरलेली रिकामी चौफुली भरली की झालं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बोट लावून जोड शोधत बसलो आणि मला, स्वतःच केलेला, सापडेना. काय सांगू, जादूगाराला स्वतःच्याच टोपीतलं कबूतर सापडू नये तसं झालं.

त्यानंतर मला कुठलीही नक्षी सरळ बघता येईना. एसटीच्या सीटचं कापड, दवाखान्यातला पडदा, शेजाऱ्याची वाळत घातलेली चादर. सगळ्यांत हा फेर कुठे संपतो आणि कुठून परत सुरू होतो, ते हुडकल्याशिवाय चैन पडेना. जगात इतके लोक इतक्या गाद्यांवर झोपतात आणि त्या चौकोनाची कडा बघायची एकालाही इच्छा होत नाही, याचं मला खरंच नवल वाटायचं.

त्याच दिवसांत धानोऱ्याच्या ताईच्या मुलीचं, म्हणजे माझ्या एकुलत्या भाचीचं लग्न ठरलं. स्थळ तळोद्याचं. बोलणी करायला आम्ही सगळे तिकडे गेलो. दिवाणखान्यात सोफ्यावर पानाफुलांचं कव्हर होतं आणि नक्षी इतकी बेमालूम, की मला फेर सापडेना. मोठी माणसं मानपानाचं बोलत होती. मी हळूच सरकत सरकत सोफ्याच्या टोकाला आलो, मग खाली गुडघ्यांवर बसलो आणि कव्हराची कड उलटून बघायला लागलो. खोलीतलं बोलणं थांबलेलं मला उशिरा कळलं.

व्याही अदबीने म्हणाले, "काही पडलं का तुमचं?"

"नाही, जोड बघतोय."

"घरातली लाकडं सागाची आहेत हो," ते म्हणाले. त्यांना वाटलं, मुलीचा मामा फर्निचर पारखतोय.

परतताना गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होती. माझ्याशी बोलायचं नाही, हे तिच्या मानेवरून कळत होतं. भाची मात्र ओढणीत तोंड खुपसून हसत होती. हसणं आवरल्यावर तिने मला सगळं विचारून घेतलं, चौकोन, चार तुकडे, चौफुली. ती शाळेत शिकवते, तिला समजायला वेळ लागला नाही. आणि मग म्हणाली, "मामा, मन्ही मांडवनी साडी तूच काढ."

ताईची मान तत्काळ वळली. "काही गरज नई. नंदुरबारले दुकानं काय बंद पडनात का?"

"मी शाळामा बठ्ठासले सांगसू, मन्हा मामानी काढेल साडी शे म्हनीसन."

"आनि बिघडनी ते?" ताई माझ्याकडे वळली. "भाऊ, मांडवमा लोके हासतीन ते तुले नई हासावत. तिले हासतीन. सोफावरथीन ते तुले वळखतसच तठला लोके."

हे खरं होतं. तरी मी हो म्हणालो. भाचीने दुसऱ्याच दिवशी शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं, आणि तळोद्यालाही फोनवर सांगितलं. परतीची वाट बंद.

काय काढायचं, याला फार विचार लागला नाही. मोर सगळेच काढतात. ही पोर लहानपणी दिवाळीला आमच्याकडे यायची तेव्हा ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमागे जमणाऱ्या बगळ्यांच्या पाठीमागे दिवसभर धावायची, पण एकही हाती लागला नाही. म्हणून पिवळ्या रंगावर पांढरे बगळे आणि मधून केळीची पानं. बगळे मी जीव लावून काढले. मानेचा आकडा, एक पाय पोटाशी, नजर खाली किड्यावर. एक बगळा जरा जास्त गुबगुबीत झाला होता. एकटा असताना तो गोड वाटायचा, पण चौकोन पसरवल्यावर तोच तो गुबगुबीत बगळा तिरक्या रांगेत कापडभर चालायला लागला आणि दुसरं काही दिसेना. नक्षीतली हीच गंमत आहे, एकट्याचा दोष तिथे एकट्याचा राहत नाही. त्याला उपाशी ठेवून बारीक केला. मग फाइल सुरतेला पाठवली, तिथे कापडावर छापून देणारा एक जण ओळखीतून मिळाला होता.

त्याचा फोन आला. "काका, डिझाइन उभी के आडी?"

"उभी," मी म्हणालो. "बगळे आहेत. आडवे कशाला?"

"जेवी तमारी मरजी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी तिकडे कान दिला नाही.

टॅबवर ती साडी मला एका लांब, उभ्या पट्टीसारखी दिसायची. तिच्यात वरपासून खालपर्यंत एकावर एक बगळे ताठ उभे. ती पट्टी बाई अंगाभोवती आडवी गुंडाळते, ही गोष्ट जन्मभर घरात बायका बघूनही माझ्या डोक्यात आली नाही.

साडी आली. आमच्यात मामाच्या साडीची घडी मांडवाआधी मोडत नाहीत, त्यामुळे ती तशीच देवापुढे ठेवली. वरच्या घडीवर दोन बगळे कसे रुबाबात उभे होते. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या, वा म्हणून गेल्या. मी ओट्यावर बसून त्या वा मोजत होतो.

मग बायकोला वाटलं, पिवळा रंग अंगावर कसा दिसतो ते बघावं. तिने घडी न मोडता, नेसतात त्या बाजूने, तशीच्या तशी कमरेशी धरली आणि आरशापुढे उभी राहिली. मग तिने मान तिरकी केली.

"अहो," ती म्हणाली, "ह्या बगळा जपेल शेतस का मरेल शेतस?"

झोपलेले की मेलेले, ते मी जाऊन बघितलं. तिच्या कमरेपासून घडीच्या खालच्या टोकापर्यंत बगळे पाठीवर आडवे पडले होते, पाय एकीकडे ताणून, चोची दुसरीकडे करून. डोळे मी उघडे काढले होते, त्याने तर आणखीच वाईट दिसत होतं. साथीचा रोग आल्यासारखी साडी होती ती.

"घडीमुळे तसं वाटतंय," मी म्हणालो.

तिने घडी देवापुढे ठेवली आणि हात जोडले. कुणासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोपा उपाय होता. चौकोन काटकोनात फिरवायचा, की आडवे बगळे उभे. पण आता मी दुधाने पोळलेला होतो. बायकोची एक जुनी साडी मागून घेतली, तिच्यावर खडूने रुंदीच्या दिशेने बाण काढले आणि तिला म्हणालो, नेस. ती नेसली. कमरेभोवती सगळे बाण छान वर तोंड करून. मग तिने पदर खांद्यावरून मागे सोडला आणि पाठ फिरवली. पदरावरचे बाण आडवे.

म्हणजे पुढून बगळे जिवंत, मागून मेलेले. आणि मांडवात अर्धं वऱ्हाड नवरीच्या मागेच बसतं.

मी तिला परत वळवलं, परत फिरवलं. इतकं साधं वस्त्र, शिवण नाही, काप नाही, आणि अंगावर चढलं की त्याची दिशा खांद्यावर बदलते. मला इतकी मजा वाटायला लागली, की भाचीचं लग्न क्षणभर विसरलो. बायको विसरली नव्हती. "गोल फिरी फिरी मन्हं डोकं फिरनं," ती म्हणाली, "आते तिले फोन करा."

भाचीला फोन करायच्या आधीच ताईला कळलं. ती नंदुरबारच्या दुकानातून एक पिवळी साडी घेऊनच आली. "हाई मी पेटीमा ठेवस," एवढंच म्हणाली. 'सांगितलं होतं' असं म्हणाली नाही, ते जास्त लागलं. मी भाचीला फोनवर सगळं सांगितलं आणि म्हणालो, की दुकानातली नेस, शाळेत काहीतरी कारण सांगू.

"मी बठ्ठासले सांगी टाकेल शे, मामा." आवाज जरा बसलेला. मग एकदम म्हणाली, "तुन्हा बगळासले उभं ऱ्हावानं सोडीसन दुसरं काही येस नई का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतात रोटाव्हेटर चालू होता. मागे नेहमीची पांढरी वरात. ट्रॅक्टर वळला, की सगळे उठायचे, डोक्यावरून गोल घिरटी घालून परत बसायचे. बगळा उडताना खालून कसा दिसतो, ते बघायला मी बांधावर उताणा झोपलो. पाय मागे, मान आत, दोन पंख. आणि त्याला वर-खाली काही नव्हतंच. माझ्या पायाकडून आला काय आणि डोक्याकडून आला काय, उडणारा बगळा कुठूनही बरोबरच.

ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून धावत आला. "भाऊ, चक्कर उनी का? पानी देऊ?"

मी पाणी प्यायलो, त्याला बरं वाटावं म्हणून. आणि तिथेच सगळ्या बगळ्यांना उडवायला बसलो. एक इकडे, एक तिकडे, एक सरळ खाली. केळीची पानंही वाऱ्यावर सोडून दिली. टॅब ताटासारखा फिरवत राहायचो, कुठल्याही बाजूने धरला तरी कुणी मेलेलं दिसता कामा नये. सुरतेच्या माणसाने परत विचारलं, उभी के आडी? मी म्हणालो, कशीही. तो म्हणाला, आता समजलं काकांना.

दुसरी साडी हळदीच्या दिवशी सुरतेच्या गाडीने आली. उघडून बघायची सोय नव्हती, घडी ती घडीच. ताईची साडी पेटीत होती. कुठली नेसायची, ते भाचीने कुणालाच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मांडवात नवरीच्या मागे मामा उभा राहतो, तसा अक्षता मुठीत धरून आधीच जाऊन उभा राहिलो आणि दाराकडे बघत राहिलो.

ती आली. पिवळ्यावर बगळे उडत होते. पुढून उडत होते, निऱ्यांमधून उडत होते, आणि ती अंतरपाटासमोर उभी राहिली तेव्हा पदरावर, माझ्या नाकासमोर, तेही उडत होते. तिच्या शाळेतल्या बाया मान लांब करून बघत होत्या. कुणी हसलं नाही. ताईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे पुसले.

इथे मी थांबायला हवं होतं. पण जोड समोर असताना तो न शोधणं मला आता जमत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी पदर वाचायला लागलो. आणि सापडला. डाव्या खांद्याच्या जरा खाली एका बगळ्याच्या पंखातून केसाएवढी फिकट रेघ गेली होती. घाईत एक तुकडा कडेला नीट चिकटला नव्हता, फट राहून गेली होती. आता हे मला पक्कं ठाऊक होतं, की ती फट चौकोनात आहे, म्हणजे साडीभर आहे, निऱ्यांत आहे, पायाशी आहे, सगळीकडे आहे. तरी मी अर्धं पाऊल पुढे सरकलो आणि छातीने तेवढी एक रेघ झाकून उभा राहिलो.

"सावधान" झालं, लोकांच्या अक्षता माझ्या टकलावर पडल्या. फोटोवाला हातवारे करत होता. ताई बाजूने कुजबुजली, "भाऊ, मांगे सरक. फोटोमा एकली नवरी दखावू दे."

"नई," मी म्हणालो.

"काबर?"

भाचीच्या खांद्यांना हिसका बसला. हसत होती की रडत होती, मागून कळायला मार्ग नव्हता. मुंडावळ्यांतून तिचा आवाज आला, "ऱ्हावू दे वं माय. मी पन दखेल शे ती रेघ, घडी मोडी तवय."

मी तरीही हललो नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरीच्या डाव्या खांद्यामागे एक टक्कल आहे.